एक आतडे, चार गाठी

गाठ सापडली की ती कापून काढायची आणि पोट शिवायचे, अशी शस्त्रक्रियेची कल्पना बहुतेकांच्या मनात असते. लहान आतड्याच्या गाठींवर काम करणारा सर्जन मात्र गाठ हाती लागल्यावरही थांबतो. आद्यांत्र जिथे संपते त्या ट्राइट्झच्या बंधापाशी तो पहिले बोट ठेवतो आणि तिथून मोठ्या आतड्याच्या तोंडापर्यंत सगळे आतडे अंगठा आणि तर्जनीमधून हळूहळू सरकवत नेतो. स्कॅनने एकच गाठ दाखवलेली असते. बोटांना आणखी दोन लागतात, कधी चार, कधी दहा. काही जेमतेम तीन-चार मिलिमीटरच्या. न्यूरोएंडोक्राइन जातीच्या गाठींमध्ये चारपैकी किमान एका रुग्णात असे घडते. त्यामुळे दुर्बिणीतून शस्त्रक्रिया करणारे सर्जनही बेंबीपाशी लहानसा छेद घेऊन आतडे बाहेर काढतात आणि हाताने चाचपून पाहतात. इतकी यंत्रे आली, पण या कामात बोटांची जागा अजून कोणी घेतलेली नाही.

गाठ दुसऱ्या जातीची असेल तर हाच सर्जन अगदी उलटे वागतो. तिला शक्य तितका कमी स्पर्श करतो, चिमट्यात धरत नाही, ओढत नाही. तिसऱ्या जातीत तो गाठीपेक्षा आजूबाजूच्या लसिकाग्रंथींचा जास्त पाठपुरावा करतो. चौथ्या जातीत तर बऱ्याचदा सुरी बाजूला ठेवून रुग्णाला औषधोपचारांकडे पाठवतो. आतडे एकच, पण त्यातल्या चार प्रकारच्या गाठींना चार वेगवेगळ्या पद्धतींचे उपचार लागतात. हे ओळखून केलेली पहिली शस्त्रक्रिया रुग्णाला जे देते, ते दुसऱ्या-तिसऱ्या वेळी मिळवणे फार अवघड असते.

दुर्मीळ का?

पचनमार्गाच्या एकूण लांबीचा सुमारे तीन-चतुर्थांश भाग लहान आतड्याचा असतो आणि आतल्या अस्तराच्या पृष्ठभागाचा सुमारे ९० टक्के. एवढा विस्तार असूनही पचनमार्गातल्या कर्करोगांपैकी जेमतेम तीन टक्के इथे होतात. अमेरिकेत दरवर्षी मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचे दीड लाखांच्या आसपास नवे रुग्ण सापडतात, तर लहान आतड्याचे सुमारे १२,०००.

याची कारणे संशोधकांनी अनेक अंगांनी शोधली आहेत. लहान आतड्यातून अन्न पातळ स्वरूपात आणि वेगाने पुढे सरकते, त्यामुळे घातक द्रव्यांचा अस्तराशी संपर्क थोडा वेळ राहतो. मोठ्या आतड्याच्या तुलनेत इथे जिवाणू फार कमी असतात. अस्तराच्या पेशी काही दिवसांतच झडतात आणि नव्या येतात. शिवाय भिंतीत रोगप्रतिकारक पेशींची दाट वस्ती असते. यांतल्या कोणत्या कारणाचा वाटा किती, हे निश्चित सांगता येत नाही. पण या सगळ्यांचे मिळून संरक्षण मोठे आहे.

काहींच्या बाबतीत हे संरक्षण तोकडे पडते. लिंच सिंड्रोमसारखा आनुवंशिक दोष, अनेक वर्षे चाललेला क्रोन्सचा आजार, गव्हातल्या ग्लुटेनमुळे होणारा सीलिॲक आजार यांत धोका वाढतो. ओठांवर आणि तोंडात काळसर ठिपके आणि आतड्यात पॉलिप असा प्वाइट्झ-जेगर्स सिंड्रोम याच यादीत येतो. डच वैद्य यान प्वाइट्झ यांनी १९२१मध्ये एका कुटुंबात त्याचे वर्णन केले आणि १९४९मध्ये अमेरिकेत हॅरॉल्ड जेगर्स व सहकाऱ्यांनी त्याचे चित्र पूर्ण केले. या रुग्णांत पॉलिपमुळे आतड्याचा एक भाग दुसऱ्यात दुर्बिणीच्या नळीसारखा शिरतो आणि अचानक ऑपरेशनची वेळ येते.

सापडेपर्यंतचा काळ

दुर्मीळ असण्याचा पहिला फटका निदानाला बसतो. जेवणानंतर पोटात कळ येते आणि तासाभरात जाते. हिमोग्लोबिन आठवर येते, लोहाच्या गोळ्या सुरू होतात, ते दहावर चढते आणि गोळ्या थांबल्या की पुन्हा उतरते. तोंडावाटे केलेली एंडोस्कोपी स्वच्छ, गुदमार्गाने केलेली कोलोनोस्कोपीही स्वच्छ. या दोन नळ्या पोहोचतात त्या टोकांच्या मध्ये सहा मीटरांच्या आसपासचा प्रदेश न पाहिलेला राहतो आणि रक्त तिथेच गळत असते.

भारतात यात एक जादा वळण आहे. लहान आणि मोठे आतडे जिथे जोडले जाते, ती जागा आतड्याच्या क्षयरोगाची आवडती जागा. तिथे आतडे अरुंद झालेले दिसले, वजन घटले, रक्त कमी झाले की क्षयाचा संशय येणे स्वाभाविक असते आणि बहुतेक वेळा तो खराही ठरतो. अडचण येते ती तुकडा तपासायला न मिळताच गोळ्या सुरू होतात तेव्हा. क्षय असेल तर दोन-तीन महिन्यांत फरक दिसू लागायला हवा. तो दिसला नाही, तर कोर्स वाढवत नेण्याऐवजी निदानच पुन्हा तपासून पाहणे गरजेचे असते, कारण तोवर गाठीलाही तेवढेच महिने मिळालेले असतात.

त्या न पाहिलेल्या प्रदेशात जाण्याची वाट एका इस्रायली अभियंत्याने शोधली. गॅव्रिएल इद्दान संरक्षण क्षेत्रात क्षेपणास्त्रांच्या प्रकाशीय यंत्रणांवर काम करत होते. गिळता येईल असा कॅमेरा ही त्यांची कल्पना. लंडनचे वैद्य पॉल स्वेन आणि इद्दान यांच्या गटाचा लेख २०००मध्ये ‘नेचर’मध्ये आला आणि पुढच्याच वर्षी अमेरिकेत ही कॅप्सूल वापरात आली. सुमारे २६ मिलिमीटर लांबीची ही गोळी आतड्यातून पुढे जाताना सुमारे आठ तासांत हजारो छायाचित्रे पाठवते. त्याच सुमारास जपानमध्ये हिरोनोरी यामामोतो यांनी दोन फुग्यांच्या आधाराने आतडे गोळा करत पुढे जाणारी एन्टेरोस्कोपी विकसित केली. ती खोलवर जाऊन तुकडा घेऊ शकते, रक्तस्राव थांबवू शकते, आणि सर्जनला जागा सापडावी म्हणून काळ्या शाईची खूणही करून ठेवते. आतडे खूपच अरुंद असेल तर कॅप्सूल अडकण्याची भीती असते, म्हणून अशा रुग्णांत आधी सीटी एन्टेरोग्राफी करून मार्ग मोकळा आहे का ते पाहतात.

म्युनिकचा पॅथॉलॉजिस्ट

न्यूरोएंडोक्राइन या पहिल्या जातीच्या गाठींचा इतिहास सिगफ्रीड ओबर्नडॉर्फर या म्युनिकच्या पॅथॉलॉजिस्टशी जोडलेला आहे. १९०७मध्ये त्यांनी लहान आतड्यातल्या काही छोट्या, संथ वाढणाऱ्या गाठींना ‘कार्सिनॉइड’ हे नाव दिले. सूक्ष्मदर्शकाखाली त्या कर्करोगासारख्या दिसत, पण वागत मात्र निरुपद्रवीपणे, असे त्यांचे निरीक्षण होते. पुढे जास्त रुग्ण पाहिल्यावर १९२९मध्ये त्यांनीच आपले मत सुधारले: या गाठी पसरू शकतात. १९३३मध्ये नाझी राजवटीने ज्यू असलेल्या ओबर्नडॉर्फर यांना पदावरून दूर केले. ते इस्तंबूलला गेले, तिथल्या विद्यापीठात पॅथॉलॉजी शिकवली आणि १९४४मध्ये तिथेच वारले.

१९५४मध्ये स्वीडनमधल्या वैद्यांनी या गाठींचे आणखी एक रूप मांडले: चेहरा अचानक लालबुंद होणे, जुलाब, दम लागणे आणि हृदयाच्या उजव्या बाजूच्या झडपा खराब होणे. गाठ सेरोटोनिनसारखी रसायने तयार करते. ती आतड्यातच असते तोवर यकृत ही रसायने निष्प्रभ करते. गाठ यकृतात पसरली की रसायने थेट रक्तात मिसळतात. म्हणून २४ तासांची लघवी साठवून सेरोटोनिनच्या उत्सर्जित रूपाची तपासणी होते, आणि त्या आधी रुग्णाला केळी, अननस, अक्रोड, टोमॅटो टाळायला सांगतात. या पदार्थांतही सेरोटोनिन असते.

मराठी वाचकांच्या कानावर या आजाराचे नाव प्रथम पडले ते बहुधा मार्च २०१८मध्ये, अभिनेता इरफान खान यांनी आपल्याला न्यूरोएंडोक्राइन ट्यूमर झाल्याचे स्वतः जाहीर केले तेव्हा. या गाठी शरीरात अनेक ठिकाणी होतात. लहान आतड्यातल्या गाठींचा त्रास त्या जिथे पसरतात त्या जागेमुळे वाढतो.

ती जागा म्हणजे आंत्रबंध. नऊवारीच्या निऱ्या कमरेपाशी मूठभर जागेत खोचलेल्या असतात आणि खाली घेर पसरतो, तसे लहान आतडे पाठीच्या कण्यापाशी सुमारे १५ सेंटिमीटरच्या रेषेत जोडलेले असते आणि पुढे त्याचा सहा मीटरांचा पसारा होतो. सगळ्या आतड्याला रक्त पुरवणारी मुख्य रोहिणी याच अरुंद मुळातून उतरते. गाठ स्वतः सेंटिमीटरभराची असते, पण तिच्यापासून पसरलेल्या लसिकाग्रंथी आंत्रबंधाच्या मुळाशी मोठा, कठीण गोळा करतात. त्याच्या भोवती तंतू तयार होतात, आतडे मुरगळते, रक्तवाहिन्या आवळल्या जातात. जेवणानंतरची ती कळ पुष्कळदा या आवळलेल्या रक्तप्रवाहाची असते.

इथे सर्जनची खरी कसोटी लागते. आतड्याचा तुकडा काढून ग्रंथी तशाच ठेवल्या, तर काही वर्षांत रुग्ण पुन्हा पोटदुखी घेऊन येतो आणि तोपर्यंत मुळाशी हात घालणे धोक्याचे झालेले असते. उलट, ग्रंथी काढण्याच्या भरात मुख्य रोहिणीला इजा झाली तर मीटरच्या मीटर आतडे निकामी होते. म्हणून रोहिणीवरून ग्रंथी सोलून काढत, शक्य तितक्या शाखा जपत, आतड्याचा कमीत कमी भाग काढण्याकडे आज कल आहे. स्वीडनमधल्या उप्साला इथल्या सर्जननी हे तंत्र घडवण्यात मोठा वाटा उचलला. त्याच शहरातल्या गटाने २०१८मध्ये स्वतःच्याच परंपरेला प्रश्न विचारणारा अभ्यास प्रसिद्ध केला: आजार यकृतात पसरला आहे पण पोटाचा काहीच त्रास नाही, अशा रुग्णांत आतड्याची गाठ लगेच काढल्याने आयुष्य वाढलेले दिसले नाही. त्रास सुरू झाल्यावर केलेली शस्त्रक्रियाही तेवढीच उपयोगी ठरली.

या ऑपरेशनमध्ये भूलतज्ज्ञाची तयारी सर्जनइतकीच महत्त्वाची असते. गाठ हाताळताना रसायने एकदम रक्तात सुटून रक्तदाब कोसळू शकतो. म्हणून ही रसायने रोखणारे ऑक्ट्रिओटाइड हाताशी तयार ठेवलेले असते. हे औषध पुढे महिन्यातून एकदा इंजेक्शनच्या रूपात वर्षानुवर्षे चालते आणि त्याने पित्ताशयात खडे होऊ शकतात. म्हणून अनेक सर्जन त्याच वेळी पित्ताशय काढून टाकण्याचा विचार करतात.

आजार पसरल्यावरच्या उपचारात मुंबईचा मोठा वाटा आहे. या गाठींच्या पृष्ठभागावर सोमॅटोस्टॅटिनचे ग्राहक असतात. त्यांना चिकटणाऱ्या रेणूला गॅलियम-६८ जोडले की पेट स्कॅनमध्ये गाठ उजळते; ल्युटेशियम-१७७ जोडले की किरणोत्सार थेट गाठीवर पडतो. २०१७मध्ये प्रसिद्ध झालेल्या नेटर-१ या चाचणीत २२९ रुग्ण होते. २० महिन्यांनंतर आजार न वाढलेल्यांचे प्रमाण ल्युटेशियम घेतलेल्या गटात ६५ टक्के होते, तर दुसऱ्या गटात ११ टक्के. ल्युटेशियम-१७७ तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात, ध्रुव अणुभट्टीच्या साहाय्याने तयार होते आणि परळच्या रेडिएशन मेडिसिन सेंटरमध्ये त्याचे उपचार दिले जातात.

फुटता कामा नये

जिस्ट ही दुसरी जात वाढते आतड्याच्या भिंतीतून. आतड्याच्या हालचालीचा ठेका धरणाऱ्या पेशींना स्पॅनिश शास्त्रज्ञ सांतियागो रामोन इ काहाल यांचे नाव आहे आणि जिस्टचे नाते या पेशींशी आहे. ओसाकाच्या सेइची हिरोता यांच्या गटाने १९९८मध्ये दाखवले की यांतल्या बहुसंख्य गाठींत ‘किट’ या जनुकात बिघाड असतो.

ही गाठ मऊ, रक्ताने भरलेली आणि पातळ आवरणाची असते. लसिकाग्रंथींत ती क्वचितच जाते, त्यामुळे ग्रंथींसाठी मोठा पसारा काढायची गरज नसते; दोन्ही बाजूंचे थोडे निरोगी आतडे घेऊन तुकडा काढला तरी पुरते. मात्र गाठ ऑपरेशनमध्ये फुटली, तर तिच्या पेशी पोटभर सांडतात आणि आजार परत येण्याची शक्यता मोठी होते. दुर्बिणीच्या चिमट्याने तिला धरणे टाळतात आणि बाहेर काढताना पिशवीत घालूनच काढतात. ऑपरेशनच्या नोंदीत ‘आवरण अखंड’ की ‘फुटले’ हे लिहिलेले असणे पुढच्या उपचारांसाठी निर्णायक असते.

२०००मध्ये हेलसिंकीत एका महिलेवर जिस्टसाठी प्रथम इमॅटिनिब ही गोळी वापरली गेली आणि तिच्या गाठी झपाट्याने आक्रसल्या. त्यानंतर शस्त्रक्रियेचे गणितच बदलले. आद्यांत्रातल्या मोठ्या जिस्टसाठी पूर्वी स्वादुपिंडासह सगळे काढावे लागे. आता काही महिने गोळी देऊन गाठ लहान करतात आणि मर्यादित ऑपरेशनमध्ये काम होते. जास्त धोक्याच्या गाठींत ऑपरेशननंतर एक वर्ष आणि तीन वर्षे गोळी घेणाऱ्यांची तुलना झाली. पाच वर्षांनी जिवंत असलेल्यांचे प्रमाण अनुक्रमे ८२ आणि ९२ टक्के होते. लहान आतड्यातल्या काही जिस्टमध्ये किट जनुकाच्या नवव्या भागात बिघाड असतो आणि आजार पसरला असेल तर त्यांना ४००ऐवजी ८०० मिलिग्रॅम मात्रा लागू शकते. म्हणून जनुकीय तपासणी मागून घ्यावी.

भारतीय रुग्णाला ही गोळी परवडते, त्यामागे न्यायालयीन लढाई आहे. १ एप्रिल २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने नोव्हार्टिस कंपनीचा ग्लिव्हेकच्या, म्हणजे तिच्या इमॅटिनिबच्या, पेटंटचा दावा फेटाळला. तेव्हा महिन्याला सुमारे १,२०,००० रुपयांच्या मूळ औषधाऐवजी देशी कंपन्यांची गोळी ८,००० ते १०,००० रुपयांत मिळत होती. वर्षानुवर्षे गोळी घ्यावी लागणाऱ्या कुटुंबासाठी हा फरक म्हणजे उपचार चालू राहणे किंवा सुटणे.

व्हिपल यांचे ऑपरेशन

तिसरी जात ॲडिनोकार्सिनोमा. अस्तरातून उगवणारा हा कर्करोग लहान आतड्यात सर्वाधिक आढळतो तो आद्यांत्रात, म्हणजे जठरानंतरच्या पहिल्या २५ सेंटिमीटरमध्ये. तिथे पित्तनलिका आणि स्वादुपिंडाची नलिका उघडते, शिवाय आद्यांत्र स्वादुपिंडाच्या डोक्याला चिकटलेले असते. एक काढायचे तर दुसरे सोडता येत नाही.

बर्लिनचे वाल्टर काउश यांनी १९०९मध्ये हे दोन्ही एकत्र काढण्याचे ऑपरेशन दोन टप्प्यांत केले. ते जगभर ओळखले जाते न्यूयॉर्कच्या ॲलन व्हिपल यांच्या नावाने. इराणमधल्या उर्मिया इथे मिशनरी आई-वडिलांच्या पोटी जन्मलेल्या व्हिपल यांनी १९३५मध्ये तीन रुग्णांचा अनुभव प्रसिद्ध केला आणि १९४०मध्ये सगळे एकाच बैठकीत करून दाखवले. यात आद्यांत्र, स्वादुपिंडाचे डोके, पित्ताशय आणि पित्तनलिकेचा भाग निघतो. मग स्वादुपिंड, पित्तनलिका आणि जठर असे तीन जोड आतड्याशी करावे लागतात. त्यांतला स्वादुपिंडाचा जोड गळला, तर पाचक रस आजूबाजूच्या रक्तवाहिन्या पोखरू लागतो.

हे ऑपरेशन कुठे होते, याने रुग्णाच्या जिवात किती फरक पडतो हे २००२मध्ये जॉन बर्कमायर यांच्या अमेरिकेतल्या अभ्यासाने आकड्यांत मांडले. स्वादुपिंडाच्या शस्त्रक्रिया अगदी क्वचित होणाऱ्या रुग्णालयांत मृत्यूचे प्रमाण १६ टक्के होते. सर्वाधिक होणाऱ्या रुग्णालयांत चार टक्क्यांहून कमी. सर्जनच्या हातासोबत अतिदक्षता विभाग, रक्तस्राव नळीवाटे थांबवणारा रेडिओलॉजिस्ट आणि पाचव्या दिवशीचा ताप ओळखणारी परिचारिका यांचाही या फरकात वाटा असतो.

गाठ आद्यांत्राच्या शेवटच्या भागात असेल, तर व्हिपल टाळून तेवढाच भाग काढता येतो. त्यापुढच्या आतड्यात गाठीसह दोन्ही बाजूंचे निरोगी आतडे आणि आंत्रबंधाचा पाचरीच्या आकाराचा भाग काढतात, कारण हा कर्करोग लसिकाग्रंथींतून पसरतो. किमान आठ ग्रंथी तपासल्या गेल्या तरच टप्पा विश्वासाने ठरवता येतो. शेवटच्या काही सेंटिमीटरमधल्या गाठीसाठी मोठ्या आतड्याचा उजवा भागही सोबत जातो.

चौथी जात लिम्फोमा. हा मूळचा रोगप्रतिकारक पेशींचा आजार असल्याने त्याचा मुख्य उपचार केमोथेरपी आहे. आतडे बंद झाले, फुटले किंवा रक्तस्राव थांबेना, तेव्हा सर्जन पुढे येतो. लहान आतड्याच्या एका विशिष्ट लिम्फोमाचा कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी या जिवाणूशी संबंध २००४मध्ये दाखवला गेला. सुरुवातीच्या टप्प्यात तो नुसत्या प्रतिजैविकांनीही आटोक्यात येतो. अशा रुग्णाचे आतडे काढून टाकणे किती अनाठायी ठरले असते, याची कल्पना यावरून येईल.

ऑपरेशननंतर

किती आतडे काढले यापेक्षा किती उरले हा प्रश्न रुग्णाच्या पुढच्या आयुष्याचा असतो. दोन मीटरांपेक्षा कमी उरले, तर अन्न आणि पाणी शोषण्याची क्षमता अपुरी पडू शकते. काहींना शिरेतून पोषण द्यावे लागते. फिलाडेल्फियात स्टॅन्ली डड्रिक यांनी १९६०च्या दशकात ते तंत्र सिद्ध केले, त्यापूर्वी असे रुग्ण वाचत नसत. आतड्याचा शेवटचा भाग गेला असेल तर ब-१२ जीवनसत्त्व शोषले जात नाही आणि त्याची इंजेक्शने आयुष्यभर घ्यावी लागतात. पित्तक्षार मोठ्या आतड्यात उतरल्याने जुलाब होतात. त्यावर वेगळे औषध आहे आणि रुग्णाने ते मागायला संकोचू नये.

दुर्मीळ आजारात कोणत्याही एका डॉक्टरकडे पुरेसे रुग्ण जमत नाहीत. म्हणून लहान आतड्याच्या ॲडिनोकार्सिनोमात ऑपरेशननंतर केमोथेरपी द्यावी का, एवढा साधा प्रश्न तपासण्यासाठी अनेक देशांना ‘बॅलड’ नावाची एकत्र चाचणी उभारावी लागली. भारतात २०१२मध्ये टाटा मेमोरियल सेंटरच्या पुढाकाराने सुरू झालेले नॅशनल कॅन्सर ग्रिड देशभरातल्या कर्करोग केंद्रांना जोडते. त्यामुळे एखाद्या जिल्ह्यातल्या रुग्णाची कागदपत्रे तज्ज्ञांच्या गटासमोर ठेवण्याची सोय निर्माण झाली आहे.

असा सल्ला घेताना नातेवाइकांनी चार गोष्टी सोबत न्याव्यात: ऑपरेशनची संपूर्ण नोंद, जिच्यात उरलेल्या आतड्याची लांबी आणि गाठ अखंड निघाली की नाही हे लिहिलेले असावे; पॅथॉलॉजीचा अहवाल, ज्यात ग्रंथींची संख्या आणि न्यूरोएंडोक्राइन गाठ असल्यास तिच्या वाढीचा वेग सांगणारा केआय-६७चा आकडा असावा; सगळे स्कॅन छापील फिल्मऐवजी सीडीवर; आणि काढलेल्या गाठीचा मेणातला ब्लॉक. हा ब्लॉक पॅथॉलॉजी विभागाकडे अर्ज करून मिळतो. नव्या तपासण्या, जनुकीय चाचणीसुद्धा, अनेक वर्षांनंतरही त्यावर करता येतात. न्यूरोएंडोक्राइन आणि जिस्ट या दोन्ही जाती दहा वर्षांनीही परत येऊ शकतात, त्यामुळे ऑपरेशन करणारे रुग्णालय दूर असले तरी ठरलेल्या तारखेचा स्कॅन चुकवू नये आणि जुनी फाइल रद्दीत जाऊ देऊ नये.